किनाऱ्याचा बेत

समुद्रकाठी राहणाऱ्या माणसाला समुद्र दिसतो. पठारावर राहणाऱ्याला तो पाहायला जावे लागते. दिसण्याला खर्च नसतो. पाहायला जायचे म्हटले की बेत आला, बेत आला की नकाशा आला, नकाशा आला की मेहुणे आले, आणि मेहुणे आले की मूळ बेत कोणता होता हे कुणालाच आठवत नाही. तरीसुद्धा छत्रपती संभाजीनगरला राहणाऱ्या आमच्यासारख्या माणसाने कोकण किनाऱ्याच्या कडेकडेने मोटारीने जायचे ठरवले, तर त्यात नवे असे काही नाही. आमच्या भागातली माणसे गेली दोन हजार वर्षे समुद्रापर्यंत पोचण्याचे बेत करत आली आहेत. त्यांतले कित्येक बेत अगदी शेवटच्या टप्प्यात अडले, ही गोष्ट वेगळी. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. परंतु घरात सहलीचा बेत चालू असताना कोपऱ्यात बसून पुस्तक वाचणे एवढीच मोकळीक कुटुंबप्रमुखाला असते. त्या वाचनातून जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवतो.

सुरुवात नदीपासून करायला हवी, कारण समुद्राशी असलेला आमचा दुरावा तिनेच सुरू केला. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत ऐंशी-एक किलोमीटर. एखादी व्यवहारी नदी दोन दिवसांत घाट उतरून सासरी पोचली असती. आमची गोदावरी समुद्राकडे पाठ करून निघते, पठाराच्या उतारावरून पैठण, नांदेड करत १४६५ किलोमीटर चालते आणि आंध्रात जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. शेजारचे चांगले स्थळ सोडून पोरीने इतक्या लांब घर शोधले, त्याला आता कोण काय करणार? पण त्यामुळे झाले असे, की मराठवाड्यातले पाणीसुद्धा पश्चिमेचा समुद्र बघत नाही. मग माणसांनी न बघितला तर त्यांना का नावे ठेवावीत?

आमच्या आईनेही तो बघितलेला नाही. तिला यंदा ऐंशी वर्षे पूर्ण झाली. वडील जायकवाडी प्रकल्पावर कारकून होते. पैठणच्या त्या धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी केली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झाले. म्हणजे पंतप्रधान बदलले, वडील मात्र त्याच टेबलाशी होते. जवळजवळ दहा किलोमीटर लांबीचा तो मातीचा बांध, आणि त्यामागे पसरलेल्या पाण्याला एकनाथ महाराजांवरून नाव दिलेले, नाथसागर. वडील आईला बांधावर घेऊन जात, आणि हात लांब करून म्हणत, "हा घे तुझा समुद्र!"

आई म्हणायची, "समुद्राचं पाणी खारट असतं म्हणे."

"सरकार सगळंच कसं करील?" असे वडिलांचे उत्तर.

एकदा १९७४ साली आई समुद्राच्या बरीच जवळ जाऊन आली. कल्याणला नात्यात लग्न होते. पण लग्नघरातून बाहेर पडायला उसंत मिळाली नाही, आणि तिला दिसले ते रेल्वेचे जंक्शन. दोन हजार वर्षांपूर्वी पैठणची बाई कल्याणला गेली असती, तर तिला बंदरात लागलेली ग्रीक गलबते दिसली असती. आता हे मी आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "तेव्हा तरी वऱ्हाडाला वेळेवर चहा मिळत होता का?" इतिहासाकडे पाहण्याची ही एक स्वतंत्र दृष्टी आहे.

पुढे बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना, म्हणजे १९८०-८१ च्या सुमारास, कोकण किनाऱ्याच्या कडेने एक सबंध रस्ता नेण्याची कल्पना पुढे आली. उत्तरेला अलिबागजवळचे रेवस आणि दक्षिणेला गोव्याच्या सीमेवरचे रेडी. रेवस-रेडी सागरी महामार्ग. वडिलांनी त्या बातमीचे कात्रण कापून डायरीत चिकटवले. त्यांची बुद्धी प्रकल्पावर घडलेली. काम मंजूर झाले म्हणजे आज ना उद्या ते पुरे होणारच, यावर त्यांचा गाढ विश्वास. ते आईला म्हणाले, "रस्ता झाला की जाऊ. एकदम आरामात. खिडकीतून समुद्र बघत बघत." त्याच काळात कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले, रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा निघाला. कोकणातून कुणीही आले की वडील विचारत, "रस्ता झाला का हो?" आलेला माणूस आंबे खाली ठेवून म्हणे, "होतोय." वडील २००९ साली गेले. रस्ता तेव्हाही खाड्याखाड्यांच्या काठी येऊन थांबलेला होता.

हा विषय पुन्हा निघाला तो सूनबाईमुळे. ती गुहागरकडची. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच महिन्यात तिने विचारले, "आजी, तुम्ही समुद्र पाहिला नाही?" हे तिने अशा सुरात विचारले, की जणू आईने जन्मात पाणीच प्यालेले नाही. झाले. रविवारी संध्याकाळी बैठक भरली. सभासद: आई, सौभाग्यवती, चिरंजीव, सूनबाई, मेहुणे, आणि शेजारचे निवृत्त इंजिनियरसाहेब. इंजिनियरसाहेबांना कुणी बोलावले नव्हते. परंतु नकाशा उघडल्याचा आवाज त्यांना भिंतीपलीकडूनही ऐकू येतो.

पहिला प्रश्न घाटाचा. पठारावरून समुद्राकडे जायचे म्हणजे सह्याद्री उतरायचा, आणि कुठून उतरायचा यावर आमच्याकडे सातवाहनांच्या काळापासून वाद आहे. त्यांची राजधानी पैठण, तेव्हाचे प्रतिष्ठान. त्यांच्या नाण्यांपैकी काहींवर चक्क दोन डोलकाठ्यांचे जहाज आहे. ही नाणी पूर्व किनाऱ्याकडे सापडली. म्हणजे राज्यकर्त्यांनी गोदावरीच्या सासरची वाटही सोडली नव्हती. पश्चिमेला उतरायला त्यांचा नाणेघाट. जुन्नरजवळच्या या घाटात सातवाहनांच्या नागनिका राणीचा लेख आहे, राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते त्यांची आता नुसती पावले उरली आहेत, आणि घाटाच्या माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असे परंपरेने सांगतात. आजच्या टोलनाक्यावर फास्टॅग चालला नाही की मागच्या गाड्यांचे भोंगे ऐकून मला त्या रांजणाची फार आठवण येते. नाणे टाकले की काम झाले. 'सर, बॅलन्स दिसत नाही' असे म्हणणारा रांजण अजून घडायचा होता.

या वाटांचे वर्णन एका ग्रीक गृहस्थाने लिहून ठेवले आहे. पुस्तकाचे नाव 'एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस', काळ इसवी सनाचे पहिले शतक, लेखक अज्ञात. व्यापारी होता, त्यामुळे निसर्गवर्णनात न शिरता कामाचे तेवढे सांगतो. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण. तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले आपले तेर. पैठणहून अकीकासारखे रंगीत खडे, तगरहून कापड आणि मलमल, हा सगळा माल गाड्यांत घालून भडोचला जात असे. आणि पुढे तो एक शेरा मारतो, की हा माल मोठमोठ्या बिनरस्त्याच्या मुलखातून आणावा लागतो. म्हणजे मराठवाड्यातल्या रस्त्यांबद्दलची पहिली लेखी तक्रार जवळपास दोन हजार वर्षांची झाली.

पण पैठणला कल्याण जवळ असताना माल लांबच्या भडोचला का? तेही तो सांगतो. कल्याण पूर्वी चालू बंदर होते. मग सत्ता बदलली, अडवणूक झाली, आणि चुकून कल्याणला आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेऊ लागले. हे वाचून मेहुण्यांना फार आनंद झाला. "म्हणजे डायव्हर्शनच की!" ते म्हणाले. महामार्गावर 'काम चालू, रस्ता बंद' असा फलक दिसला की मेहुण्यांच्या अंगावर काटा येतो. त्या काट्याला इतका प्राचीन आधार आहे हे त्यांना ठाऊक नव्हते.

आज आमच्या शहराजवळून समृद्धी महामार्ग जातो. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, शेवटचा तुकडा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. इगतपुरीजवळच्या जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्यातून तो सह्याद्री उतरतो आणि भिवंडीजवळ आमणे येथे संपतो. तिथून कल्याण हाकेच्या अंतरावर. ज्या प्रवासात सातवाहनांचे बैल दमत, तो आता सकाळचा नाश्ता पोटात असतानाच संपतो. मेहुण्यांचे मत ताम्हिणी घाटाकडे होते, कारण ताम्हिणीत कणीस चांगले मिळते. इंजिनियरसाहेबांनी कणसाचा मुद्दा नोंदवून घेतला आणि फेटाळला.

दुसरा प्रश्न, किनारा किती लांब? मी शाळेत शिकलो तो ७२० किलोमीटर. चिरंजीवांनी मोबाईल काढून सांगितले, की केंद्राच्या जुन्या यादीत महाराष्ट्राचा किनारा ६५२.६ किलोमीटर होता आणि नव्या मोजणीत तो ८७७.९७ झाला आहे. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, आपण जायला जितका उशीर करू तितका तो वाढतोय." इंजिनियरसाहेबांनी खुलासा केला, की किनारा तोच आहे, मोजपट्टी बारीक झाली. लहान वळणे, खाड्यांचे कोपरे आता मोजले गेले. जितके बारकाईने मोजाल तितकी लांबी वाढणार. हे ऐकून मला आमच्या बेताचे कोडे उलगडले. शनिवारी 'कोकणात जायचे' एवढाच होता तेव्हा तो एका ओळीचा होता. रविवारी रात्रीपर्यंत त्यात गोळ्या, गुडघ्याचा पट्टा, दोन उशा आणि मेहुण्यांचे पथ्य आले, आणि त्याची लांबी चार पानांवर गेली.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड: किनाऱ्याने जायचे कसे? मेहुण्यांनी बोट ठेवले ते मुंबई-गोवा महामार्गावर. सूनबाई हसली. "मामा, तो महामार्ग महाड, चिपळूण, संगमेश्वरवरून जातो. तिथून समुद्र कुठे दिसतो? समुद्र बघायचा असेल तर खालच्या अंगानं जायला हवं." मग तिने बोटाने अलिबागपासून खाली रेघ ओढायला सुरुवात केली. काशीद, मुरुड... "इथे आगरदांड्याला जंगलजेटी."

"जंगलात कशाला जायचं?" आईने विचारले.

"जंगल नाही हो आजी, जंगलजेटी. गाडी आणि माणसं एकदमच नेणारी बोट. फेरीबोट." आणि बोट पुढे सरकले. आगरदांड्याहून दिघी, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, मग बागमांडल्याला पुन्हा जंगलजेटी, पलीकडे वेश्वी, म्हणजे बाणकोटची खाडी. पुढे केळशी, आंजर्ले, हर्णै, दाभोळ. दाभोळहून धोपावे, जंगलजेटी. ती २००३ पासून चालू आहे. मग गुहागर, हेदवी, तवसाळ, जंगलजेटी, पलीकडे जयगड, गणपतीपुळे, रत्नागिरी. तिच्या प्रत्येक जंगलजेटीला इंजिनियरसाहेबांचा चेहरा पडत होता. आयुष्यभर पूल बांधलेल्या माणसापुढे होडीचे नाव घेऊ नये.

मला मात्र ती नावे कुठेतरी आधी भेटल्यासारखी वाटली. मी पेरिप्लस उघडला. कल्याणच्या पुढे किनाऱ्याने जाताना तो ग्रीक गृहस्थ बंदरे सांगतो: सेमिल्ला, म्हणजे आपले चौल, मग मंदगोरा, पालैपत्मै, मेलिझैगरा. या पुढच्या तिघांच्या जागा अभ्यासक साधारण बाणकोट, दाभोळ आणि जयगडच्या आसपास दाखवतात. त्यांचे आपसांत पूर्ण पटत नाही, पण अभ्यासकांचे पटू लागले तर परिषदा कशाला भरतील? मुद्दा असा, की सूनबाई जिथे जिथे जंगलजेटी म्हणाली, जवळजवळ तिथेच त्या ग्रीकाने बंदर म्हटले होते. आणि ते स्वाभाविकच आहे. आपली मोटार जिथे अडते, ती नदीच्या मुखाची खाडी. वादळातून आलेल्या जहाजाला आत शिरून निवांत उभे राहायला जागा मिळते, तीही तीच खाडी. गाडीचा अडथळा तो जहाजाचा आसरा. रस्ता आखणाऱ्याने ज्या खाड्यांना तोंड वाकडे केले, त्याच खाड्यांनी चौल, दाभोळ, जयगड यांना मोठे केले. दख्खनमधून मक्केला जाणारे यात्रेकरू दाभोळला येऊन जहाज धरत. श्रीवर्धनहून निघालेले भटांचे घराणे घाट चढून पुण्याचे पेशवे झाले. किनाऱ्याने रस्ता नव्हता म्हणून कुणाचे अडले नाही, कारण गावागावांना जोडणारा रस्ता समुद्र हाच होता.

सूनबाईची आजी मुंबईला बोटीनेच जायची. त्या आगबोटींचा प्रवास काही निव्वळ मौजेचा नव्हता. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्याला महिनाही उरला नसताना, मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकणातल्या कित्येक घरांत आजही ती तारीख सांगावी लागत नाही. पुढे आगबोटी बंद झाल्या, १९९८ साली कोकण रेल्वे आली, आणि समुद्राचा रस्ता माणसांनी सोडल्यावर मग समुद्राच्या कडेच्या रस्त्याची खरी वाट पाहणे सुरू झाले. रेवस हे नाव वडिलांच्या कात्रणात आरंभाचे ठिकाण म्हणून होते. सूनबाईच्या आजीच्या लेखी ते न पोचलेल्या बोटीचे गाव होते.

आता घाटावरच्यांचा समुद्राशी संबंध काय, असे कुणी म्हणेल. आमचे शहर ज्याने वसवले तो मलिक अंबर इथिओपियातला. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला, समुद्र ओलांडून दख्खनला आलेला. त्याने १६१० साली खडकी वसवली. खडकीचे फत्तेनगर, मग औरंगाबाद, आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झाले. ज्या संभाजी महाराजांचे नाव आज शहराला आहे, त्यांचाही समुद्राशी मोठा झगडा झाला. १६८१-८२ च्या मोहिमेत जंजिरा दाद देईना, तेव्हा महाराजांनी किनारा आणि किल्ला यांच्यामधला समुद्र दगड टाकून भरून काढायला घेतला. भर समुद्रातून रस्ता! तो पुरा होण्याआधीच मोगली फौज उत्तर कोकणात उतरली आणि महाराजांना तिकडे वळावे लागले. काम राहिले. इंजिनियरसाहेब हे ऐकून बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "निधीमुळे नाही ना राहिलं? मग ठीक आहे."

निजामाच्या राज्याला तर समुद्रच नव्हता. १८०२ च्या तहाने इंग्रजांनी मछलीपट्टणचे बंदर व्यापारासाठी वापरायची मुभा दिली होती, पण तीही उसनीच. १९४७ च्या सुमारास मार्मागोवा बंदर पोर्तुगिजांकडून मिळवण्याच्या खटपटी झाल्या. त्या पार पडल्या नाहीत. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आले, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात सामील झाला. त्या दिवशी सकाळी आम्ही उठलो तेव्हा आमच्या राज्याला अचानक समुद्र होता. आई तेव्हा अकरा वर्षांची होती. "कुणी सांगितलं नाही आम्हाला," ती म्हणाली.

खरे म्हणजे समुद्र आमच्या घरात आधीपासूनच येत होता. रेल्वे येण्यापूर्वी लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर पठारावरचे धान्य खाली नेत आणि किनाऱ्यावरचे मीठ वर आणत. लमाण हे नावच लवण, म्हणजे मीठ, यावरून आले असे मानतात. राजांना समुद्रापाशी जाण्यासाठी फौजा आणि तह लागले. मिठाला नुसता बैल पुरला. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या आमच्या आमटीत समुद्र होता, फक्त डोळ्यांपुढे नव्हता.

इतके झाल्यावर इंजिनियरसाहेबांनी चष्मा पुसला आणि आपला प्रस्ताव मांडला. प्रस्ताव अत्यंत समंजस होता. रेवस-रेडीच्या मोठ्या पुलांचे काम आता राज्य रस्ते विकास महामंडळाकडे आहे, निविदा निघाल्या आहेत, काही ठिकाणी कामेही लागली आहेत. "बाणकोटच्या खाडीतले ते अर्धवट खांब विसरा," ते म्हणाले, "तो जुना विषय झाला. आता खरंच होतंय. माझं म्हणणं, अजून दोन-तीन वर्षं थांबावं. पूल होऊ द्या. मग एकदा गाडीत बसलं की थेट रेडी. आजींना चढ-उतार नको, बोटीचे हेलकावे नकोत. एकदम आरामात."

मेहुण्यांनी मान डोलावली. चिरंजीवही विचारात पडले. ऐंशी वर्षांची बाई, गुडघे असे, जेटीच्या उतारावरून बोटीत जायचे. बोलणे काही वावगे नव्हते.

आई लसूण सोलत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "ह्यांनीपण हेच म्हटलं होतं. शब्दन् शब्द."

खोलीत कुणी काही बोलले नाही. डायरीतले ते कात्रण आता इतके पिवळे झाले आहे, की त्यातला नकाशा आणि कागदावरचे डाग यांत फरक कळत नाही. पण रेवसपासून रेडीपर्यंत वडिलांनी लाल पेन्सिलीने ओढलेली रेघ तेवढी स्पष्ट दिसते. ती त्यांनी खाड्यांवरूनही सरळ ओढली होती. बांधावरच्या कारकुनाला एवढा अधिकार असायला हरकत नाही.

"रस्ता होईल तेव्हा तुम्ही जा," आई पुढे म्हणाली. "मला होडीत बसायचंय. आन् हेलकावे लागतील तर लागू द्या. बसमध्ये काय कमी लागतात?"

इंजिनियरसाहेबांनी प्रस्ताव मागे घेतला. त्यांच्या नोकरीच्या काळात इतक्या कमी वेळात निर्णय झाल्याचे त्यांनी पाहिले नव्हते.

मग सूनबाईने नवा बेत लिहायला घेतला. चिरंजीवांनी तक्त्यात वेळा भरायला सुरुवात केली होती: आगरदांडा नऊ-पंचेचाळीस, हरिहरेश्वर बारा-दहा. तिने त्या सगळ्या वेळा खोडल्या. "बोट लागली की चढायचं, आणि नाही लागली तर काठावर बसायचं. जेटीवर चहा मिळतो," ती म्हणाली. रेडीपर्यंतचा आग्रहही सुटला. मुरुडपासून गुहागरपर्यंत, तीन खाड्या, चार मुक्काम. जंजिरा किनाऱ्यावरूनच पाहायचा. पावसाळा संपून समुद्र शांत झाला की निघायचे. मेहुण्यांना परतीच्या वाटेवर ताम्हिणी मंजूर झाला. कणसाचा मुद्दा अखेर न्याय पावला. इंजिनियरसाहेबही येणार आहेत. अर्धवट खांब त्यांना एकदा जवळून बघायचे आहेत, असे ते म्हणतात.

मला विचाराल, तर वीस दिवसांची गाडीवाट काय आणि आजचा आठ किलोमीटरचा बोगदा काय, माणूस समुद्राच्या कितीही जवळ लवकर पोचला तरी शेवटच्या खाडीपाशी त्याला थांबावेच लागते. राजांना थांबावे लागले, निजामाला थांबावे लागले, सरकारला तर थांबायची सवयच आहे. थांबणे चुकत नाही. कुठे थांबायचे एवढेच आपल्या हाती असते. घरात बसून पुलाची वाट पाहण्यापेक्षा जेटीवर बसून बोटीची वाट पाहिली, तर निदान समोर पाणी तरी असते.

बरोबर घ्यायच्या सामानाची यादी आईने स्वतः सांगितली. गोळ्या, शाल, कोरडी चटणी, वडिलांची डायरी. ती संपल्यावर तिने सूनबाईला खाली एक रेघ ओढून येताना आणायच्या सामानाची यादी करायला लावली. सूनबाईला वाटले, कोकम, फणसपोळी, काजू असे काहीतरी येईल. आईने एकच जिन्नस सांगितला.

"मीठ," ती म्हणाली. "जाडं. आन् घेताना चाखून घे गं, तिथलंच आहे का बघ."